बिनफोनचा मुकुंद

मुकुंद गेल्याचं सगळ्या जगाला अर्ध्या तासात कळलं. रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवून तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत टेकला आणि पुन्हा उठला नाही. ॲम्ब्युलन्स आली, हॉस्पिटल झालं, एका तरुण डॉक्टरणीने माझा हात हातात घेऊन जे सांगायचं ते सांगितलं, आणि मी घरी परत येईपर्यंत नागपूरला धाकट्या दिरांना, सांगलीला माझ्या भावाला, अमेरिकेच्या पार पश्चिम टोकाला, बॉथेलला आमच्या मुलीला, सईला, आणि इथल्या, मिशिगनच्या नोव्हाय गावातल्या झाडून सगळ्या मराठी घरांना बातमी पोचलेली होती. माझा फोन जोडलेल्या हातांच्या चित्रांनी भरून गेला होता. राहिला होता एकच माणूस... एली. त्याला लगेच कळवायची सोयच नव्हती. एली आमिश आहे. मिशिगनच्या दक्षिणेला, इंडियानाच्या सीमेजवळ त्यांची वस्ती आहे. घोडागाडीतून हिंडणारी, विजेची तार घरात न घेणारी, जुन्या ख्रिस्ती पंथाची माणसं. एलीला फोन आहे, पण तो घरात नाही आणि खिशातही नाही. त्याच्या घराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला, मक्याच्या शेताच्या कडेला एक लाकडी टपरी आहे, आजूबाजूच्या चार-सहा घरांत मिळून एक, आणि फोन त्या टपरीत असतो. रविवारी तिच्याकडे कोणी फिरकत नाही. मी तरीही फोन लावला. मशीनवर एलीचाच घसा खाकरलेला आवाज होता: नाव सांगा, नंबर सांगा, सावकाश सांगा. मी सावकाश सांगितलं.

तो निरोप एलीने सोमवारी सकाळी, गाईंच्या धारा काढून झाल्यावर ऐकला. म्हणजे त्याच्यापुरता मुकुंद एक दिवस जास्त जगला. तो अख्खा रविवार एली प्रार्थनेला गेला असेल, चारचौघांत बसून जेवला असेल, कदाचित आदल्या दिवशीची मुकुंदची एखादी गंमत बायकोला सांगून हसलाही असेल... आणि इकडे मी कपाटातून मुकुंदला शेवटचा घालायचा सदरा काढत होते. मला त्या रविवाराचा हेवा वाटला. अजून वाटतो. नवरा गेल्यावर बाईने काय लिहावं आणि कसं लिहावं याचे काही संकेत असतील, ते मला जमणार नाहीत. या लेखात हेवा बराच आहे, वाचणाऱ्यांनी तो धरूनच चालावं.

मुकुंद नागपूरचा, धरमपेठेतला. मी सांगलीची. लग्नानंतर वर्षभरात इथे आलो तेव्हा त्याच्याकडे एक सुटकेस आणि माझ्याकडे कुकर होता. तो मोटारींच्या कंपनीत लागला आणि शेवटपर्यंत त्याच धंद्यात राहिला. गाडीत बसल्या बसल्या तुमचा फोन गाडीच्या पडद्यावर दिसायला लागतो ना, नाव घेतलं की फोन लागतो, आलेले मेसेज गाडीच वाचून दाखवते... ते करणाऱ्या माणसांपैकी तो एक. कामात हुशार, त्यामुळे सगळ्यांना हवा. पुण्याची टीम उठली की तिचे फोन, जर्मनीची टीम उठली की तिचे. एक फोन ऑफिसचा, एक घरचा. जेवायला बसला की ताटाच्या डावीकडे, चटणी-कोशिंबिरीच्या जागी एक फोन आणि उजवीकडे, भाजीच्या जागी दुसरा. मी काही सांगायला लागले की तो "हं" म्हणायचा. रागावलेला नसायचा, दुर्लक्षही करत नसायचा, फक्त "हं". सई लहान असताना त्याच्या तोंडासमोर हात हलवून विचारायची, "बाबा, आर यू देअर?" त्यावरही "हं". त्या "हं"शी मी तीस वर्षं संसार केला. माणूस चांगला होता हो, उत्तम होता, तसं नसतं तर इतकं दुखलंही नसतं. पण माझ्या वाट्याला तो कायम फोन धरलेल्या हातासकट आला.

एली आमच्या घरात शिरला तो झोपाळ्यामुळे, आणि तो झोपाळा मीच मागितला होता. सांगलीच्या आमच्या घरात माजघरात होता तसा, पाटासारखा रुंद, पितळी कड्यांचा. कड्या माझ्या भावाने सामानातून आणल्या होत्या, पण लाकडाचं काम करणार कोण? कुणीतरी सांगितलं, आमिश सुतारांकडे जा, ते अंगणात टांगायचे झोपाळे करतात. एका शनिवारी गेलो. एलीची कार्यशाळा म्हणजे मोठं पत्र्याचं शेड. मागे डिझेलचं इंजिन, त्यावर चालणारा हवेचा पंप, आणि कापायची, घासायची सगळी यंत्रं त्या हवेवर चालणारी. छपरावर चक्क सोलरचं पॅनेल! मुकुंदचे डोळे लकाकले. "बाप्पा, म्हणजे यांना सगळं चालते की गं!" असं मला म्हणाला आणि एलीला खोदून खोदून विचारायला लागला. एली पन्नाशी उलटलेला, दाढीवाला, मिशी सफाचट, बोलणं तोलून मापून. त्याने जे सांगितलं ते असं: नवीन वस्तू आली की आम्ही आधी थांबतो, बघतो, मग सगळे मिळून ठरवतो की ही घरात आल्यावर घराचं काय होईल. सोलरवर घोडागाडीच्या दिव्यांच्या बॅटऱ्या चार्ज होतात, ते चाललं. कंपनीची वीज तारेने घरात येते आणि मग तिच्यामागून सगळंच येतं, ते नाही चाललं. फोन धंद्याला लागतो, डॉक्टरला बोलवायला लागतो, म्हणून तो हवा. पण घरात नको. पलीकडच्या गावी, दुसऱ्या मंडळीत वेगळं ठरलेलं असेल, त्यांचं ते बघतील.

"मग मी चौकशी कशी करायची?" मुकुंदने विचारलं.

"निरोप ठेवा. मी धारा काढून झाल्या की जातो, आणि दुपारच्या जेवणानंतर जातो."

"आणि समजा काही अर्जंट असलं तर?"

एलीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या झोपाळ्याच्या मापांकडे. "झोपाळा?" एवढंच त्याने विचारलं. मला हसू फुटलं. परत जाताना रस्त्याच्या टोकाची ती टपरी दिसली तेव्हा मुकुंद गाडी थांबवून म्हणाला, "अगं, हा तर आपला पीसीओ!" आणि काच खाली करून तिचा फोटो काढला. तेव्हा मला टपरी गोड वाटली होती. आपली सवत कुठल्या रूपात येईल ते बाईला आधी कळत नाही.

झोपाळा व्हायला बरेच दिवस लागले. मुकुंद सवयीप्रमाणे निरोपावर निरोप ठेवत होता, एलीने उलट फोन एकदाच केला, "वाळतोय" एवढं सांगायला. शेवटी झोपाळा आणायला मुकुंद भाड्याचा ट्रक घेऊन सकाळी गेला तो संध्याकाळी आला, अंगभर भुसा, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेला. कारण सांगितलं की एलीकडे सुतारकाम शिकतोय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ऑफिसच्या बाहेर याला काहीतरी सुचलं. गाड्यांच्या सगळ्या इंजिनिअरांप्रमाणे यालाही दुसऱ्याचं यंत्र दुरुस्त केल्याशिवाय चैन पडत नसे, तसं ते तिथेही झालंच. त्याला दिसलं की टपरीतला फोन वाजतो तेव्हा एली कार्यशाळेत असतो, त्याला ऐकू येत नाही, गिऱ्हाइकं सुटतात. आमच्या हुशार माणसाने आठवडाभर तळघरात खटपट केली, एक मोठी घंटा आणली, टपरीतला फोन वाजला की ती कार्यशाळेत खणखणेल अशी सोय केली आणि एलीच्या वाढदिवसाला ती बांधून आला. पुढच्या शनिवारी गेला तर घंटा नीट गुंडाळून, पुसून, खोक्यात घालून ठेवलेली. मुकुंदला वाटलं बिघडली. एली म्हणाला, नाही, छान चालते. मग काढली कशाला? एली म्हणाला, "मग तो ऐकू येतो ना."

ही गोष्ट मुकुंदने घरी येऊन मला सांगितली तेव्हा तो झोपाळ्यावर बसला होता आणि पोट धरून हसत होता. "मी अख्खी जिंदगी घंटाच जोडून राहिलो बे!" असं काहीतरी म्हणाला. मी पण हसले. मग त्याचा ऑफिसचा फोन वाजला आणि तो उठून गेला, आणि झोपाळा रिकामाच हलत राहिला.

त्यानंतरच्या वसंतात मी एकदा हट्टाने त्याच्याबरोबर गेले. मला बघायचं होतं की दर शनिवारी हा तिथे करतो तरी काय. एलीच्या रस्त्याला लागण्याआधी मुकुंदने गाडी कडेला घेतली, दोन्ही फोन बंद केले आणि समोरच्या कप्प्यात टाकले. जणू देवळाबाहेर चपला काढतोय इतक्या सहज. "हे काय?" मी विचारलं. "तिथं रेंज नसते," तो म्हणाला. मी माझा फोन बघितला. रेंज भरपूर होती. मग दिवसभर मी लिडियाशी, म्हणजे एलीच्या बायकोशी, मटार सोलत बसले आणि खिडकीतून बघत राहिले. मुकुंद लाकूड घासत होता. मध्येच थांबून एलीचं ऐकत होता. दुपारी सगळे टेबलाभोवती बसलो. जेवणाआधी ते डोळे मिटून काही क्षण गप्प बसतात, तसा तोही बसला. जाड नूडल्स होत्या, बिटाचं लोणचं होतं, फळांचं सारण भरून भाजलेला 'पाय' होता, आणि मुकुंदचे दोन्ही हात टेबलावर मोकळे होते. एलीने एका गाईची गोष्ट सुरू केली. ती कुंपण ओलांडून शेजाऱ्याकडे जायची म्हणे, आणि पुन्हा आपली आपण परत यायची. या गोष्टीत याहून जास्त काही नव्हतं. मुकुंदने ती पूर्ण ऐकली. वर प्रश्न विचारला! "कुठलं फाटक? मागचं की पुढचं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हाची हकिगत मी या माणसाला किती वेळा सांगायला घेतली, एकदाही भूल देईपर्यंतसुद्धा पोचू शकले नाही. आणि इथे गाईचं फाटक! त्या टेबलाशी एक माणूस बसला होता, नीट ऐकणारा, वेळेवर हसणारा, समोरच्याच्या तोंडाकडे बघणारा. असा नवरा मला हवा होता. तो होता, अस्तित्वात होता, फक्त तो आठवड्यातून एकदा, दोन तासांच्या अंतरावर, दुसऱ्यांच्या घरी जेवायला यायचा.

भांडी आवरताना लिडियाने, बिचारीने चांगल्या मनाने, आणखी तेल ओतलं. त्यांच्याकडे वर्षातून दोनदा मंडळी एकत्र बसून नियमांचा विचार करते. त्या वेळी प्रश्न होता मोबाईलचा. धंदेवाल्या लोकांना गिऱ्हाइकं सोडून जात होती, काही तरुण पोरांकडे लपवलेले फोन सापडले होते, आणि अर्धे लोक म्हणत होते की धंद्यापुरता खिशात फोन ठेवायला हरकत नसावी. एलीने मुकुंदला विचारलं होतं. लिडिया म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने आम्हाला फार मदत केली. त्याने सांगितलं, माझ्या घरी फोनने जेवणाचं टेबल खाऊन टाकलं. म्हणाला, माझी बायको माझ्याशी बोलते तेव्हा मी तिथे नसतो आणि तिला ते माहीत असतं. खिशात आला की घरात आला, असं त्याने एलीला सांगितलं, आणि एलीने ते सगळ्यांना सांगितलं." पुढे त्यांच्यात ठरलं ते असं की ज्यांचा धंदा आहे त्यांनी कार्यशाळेबाहेर फोनचं खोपटं बांधलं तर चालेल, पण घरात नाही आणि खिशात नाही. एलीने ते खोपटंही बांधलं नाही, त्याची टपरी होती तिथेच राहिली.

परतीच्या वाटेवर मी मुख्य रस्ता लागेपर्यंत कशीबशी गप्प राहिले. मुकुंदने कप्पा उघडून फोन काढले, ते जागे झाले, किणकिणायला लागले, आणि माझा बांध फुटला.

"म्हणजे तुला कळत होतं?"

"काय?"

"फोनने टेबल खाल्लं म्हणे आपलं. हे तू त्या दाढीवाल्याला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

त्याने आरसा सारखा केला. मग म्हणाला, "त्यानं मला विचारलं."

"मी रोज विचारत होते, मुकुंद! लग्न झाल्यापासून विचारतेय!"

"तू भांडून राहिली होती गं. त्यानं विचारलं... म्हणजे कसं सांगू तुला, पूर्ण करिअरमध्ये मला सगळ्यांनी हेच विचारलं की कधी रेडी होईल. हे करावं का, असं कोणीच विचारलं नव्हतं. त्यानं काहून विचारलं कोण जाणे. मला उत्तर देता आलं, तर मलाच नवल वाटलं."

मी खिडकीबाहेर बघत रडले. त्याने माझा हात हातात घेतला; तेवढ्यात गाडीच्या पडद्यावर पुण्याचा फोन आला, आणि त्याने तो घेतला. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण माणूस गेला की लोक त्याला सुधारून टाकतात. मुकुंद सुधारला नव्हता. सोमवार ते शुक्रवार तो तसाच होता, रविवारीही जवळजवळ तसाच. शनिवारचा मुकुंद फक्त त्यांचा होता. मी त्याला शनिवारी घरी ठेवायचे सगळे उपाय करून बघितले. पाहुणे बोलावले, मंडळाच्या कार्यक्रमाची जबाबदारी गळ्यात घातली, माझी पाठदुखी पुढे केली. तो पाहुण्यांना रविवारी या म्हणाला, कार्यक्रमाला मला सोडायला आला आणि तिथूनच परस्पर गेला. पाठीसाठी मात्र लिडियाने केलेलं मलम घेऊन आला. ते फार गुणकारी निघालं, याचाही मला राग आला.

अंत्यविधीच्या दिवशी ते सगळे आले. ते गाडी चालवत नाहीत, पण भाड्याची व्हॅन करून दुसऱ्याने चालवलेली त्यांना चालते. तशी ती व्हॅन आमच्या दारात थांबली आणि काळ्या कपड्यांतली दहा-बारा माणसं उतरली. आमचं घर भरलेलं होतं. सोफ्यावर, जिन्यावर, तळघराच्या पायऱ्यांवर माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात फोन. कुणी नागपूरला व्हिडिओवर घर दाखवत होतं, कुणी जेवणाची ऑर्डर देत होतं, कुणी मला फोन आणून देत होतं, "काकू, पुण्याहून आहे, दोन मिनिटं बोला ना." एली आला, त्याने टोपी काढली, झोपाळ्यावर न बसता झोपाळ्याशेजारी जमिनीवर बसला आणि रडायला लागला. आवाज नाही, तोंड लपवणं नाही, नुसतं रडत राहिला. मला तोपर्यंत रडू आलेलं नव्हतं. इतके फोन घ्यायचे होते की जमलंच नव्हतं. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती, आणि मला वाटलं, हेही याने माझ्याआधी केलं. सई माझ्याजवळ आली. तिने एलीला पहिल्यांदाच बघितलं होतं. माझ्या कानाशी म्हणाली, "आई, सो दॅट्स हिम? बाबा नेव्हर पुट हिज फोन डाउन फॉर मी. नॉट वन्स." तिचा आवाज कडू होता. लेक माझीच.

सई परत गेली, घर रिकामं झालं, आणि काही आठवड्यांनी मी गाडी काढून एकटी एलीकडे गेले. मुकुंदचा ॲप्रन आणि वाचायचा चष्मा तिथे राहिला होता. मला त्यांच्याकडे त्याचं काही राहू द्यायचं नव्हतं. एलीने दोन्ही वस्तू कागदात बांधून ठेवल्या होत्या. त्या माझ्या हातात देताना तो घुटमळला. मग दाराबाहेर, रस्त्याच्या टोकाकडे बघत म्हणाला, "मला ती टपरी कधी आवडली नाही."

मला वाटलं तो देवाधर्माचं काही बोलतोय. पण तो मुकुंदबद्दलच बोलत होता. म्हणाला, "जेवणापर्यंत तो माझ्याबरोबर असायचा. जेवण झालं की कामाचा राहायचा नाही. सारखा बाहेर बघायचा. चार वाजायच्या बऱ्याच आधी हात धुवायचा, माझा कंगवा घ्यायचा, केस विंचरायचा. माझी नातवंडं हसायची, हा फोनसाठी केस विंचरतो म्हणून. मग तो चालत टपरीत जायचा आणि तुला फोन करायचा. गाडीत त्याचे दोन फोन होते, पण तो टपरीतूनच करायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, इथून केला की मी दुसरं काही करू शकत नाही. नुसता तिचा आवाज असतो. परत यायचा तेव्हा त्याचं तोंड... मग तो लगेच निघायचा. मला दर शनिवारी वाटायचं, टपरी आणखी लांब असती तर बरं झालं असतं. अंधार पडेपर्यंत तो राहिला असता." एवढं बोलून तो लाजला. त्याच्या वयाचा माणूस लाजलेला मी बऱ्याच वर्षांनी बघितला. "हे चांगलं नाही," तो म्हणाला, "पण मला तुझा हेवा वाटायचा."

मी तिथल्याच एका लाकडाच्या ढिगावर बसले. ते फोन मला आठवत होते, नाही असं नाही. शनिवारी दुपारी फोन यायचाच, "निघतो आता. काही आणू?" मी म्हणायचे दूध आण, कोथिंबीर बरी मिळाली तर आण. मग तो म्हणायचा, आज पाऊस होता इकडे. किंवा, तुझा आवाज बसलाय का गं? किंवा, काल तू आईचं काय सांगून राहिली होती? आणि मी सांगायचे. कुकर लावता लावता, फोन खांद्यात धरून, कपडे वाळत टाकता टाकता सांगायचे, आणि तो पलीकडे पूर्ण ऐकायचा, मध्ये प्रश्न विचारायचा... आईच्या ऑपरेशनचं खरं तर त्याला सगळं माहीत होतं. टेबलाशी नाही सांगता आलं, पण त्या फोनवर, तुकड्यातुकड्यांनी, शुद्धीवर येईपर्यंतचं सगळं सांगून झालं होतं. मला ते मोजायचं सुचलंच नव्हतं, कारण मी त्या फोनला घरी यायच्या आधीचा फोन समजत होते. तिथे लाकडांवर बसून मी रडले, पहिल्यांदा नीट रडले. एली टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याने मला थांबवलं नाही आणि कुठे गेलाही नाही.

ॲप्रन आणि चष्मा मी घरी आणला. टपरीत मात्र गेले नाही. काचेतून आत डोकावले फक्त. एक स्टूल, फोन, दोरीने बांधलेली पेन्सिल, कोपऱ्यात गांधीलमाशीचं जुनं पोळं. एवढ्याशा जागेत तो वाकून बसत असेल.

आता शनिवारी चार वाजता मी फोन हातात धरून झोपाळ्यावर बसते. सईला सांगून ठेवलंय, त्या वेळेला करू नकोस. "हू कॉल्स यू, आई?" तिने संशयाने विचारलं. मी म्हटलं, आहे एक जण. एलीचा फोन येतो. त्या दिवसानंतरच्या शनिवारी पहिल्यांदा आला, आणि मग येतच राहिला. टपरी न आवडणारा माणूस दर आठवड्याला तिथवर चालत जातो. त्याला फोनवर बोलता येत नाही. "एली," असं म्हणतो, मग हवा कशी आहे ते सांगतो, मग थांबतो. मीही थांबते. तिकडून वारा ऐकू येतो, कधी घोड्याच्या टापा जवळ येऊन लांब जातात. फोन ठेवायची घाई दोघांनाही नसते. मागच्या शनिवारी असेच गप्प असताना मी त्याला म्हटलं, "एली, तुझं ऐकून मी हिशेब बदललाय. दिवस तुझा होता, चार वाजताचा मुकुंद माझा होता. म्हणजे चांगला हिस्सा माझ्याकडेच आला, नाही का?"

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग एली म्हणाला, "नाही. जेवणापर्यंतचा जास्त चांगला होता."